तकदीर : मोमिनाचा आधार की जालिमाची ढाल?

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा पुन्हा भरल्या तेव्हा आम्ही आठवीच्या वर्गाला उर्दूतून निबंध लिहायला दिला. विषय नेहमीचाच, 'बारिश'. हा निबंध आम्ही स्वतः विद्यार्थी असताना लिहिला आहे आणि शिक्षक झाल्यापासून दरवर्षी तपासतो आहोत. त्यात काळे ढग येतात, मोर नाचतो, शेतकरी खूश होतो आणि शेवटी पाऊस ही अल्लाहची रहमत आहे, असे वाक्य येते. ते वाक्य आले की दहापैकी सात गुण ठरलेले.

त्या वर्षी एका मुलीने निबंध अर्ध्यावर सोडला होता. आमची शाळा चिपळूणच्या परिसरातली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठ बुडाली, हे वाचकांना आठवत असेल. या मुलीचे अब्बा त्याआधी तीनच महिने, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारले होते. पुरात घरातले सामान गेले आणि अब्बांचे कपडे ठेवलेली पेटीही गेली. तिने लिहिले होते की पाऊस रहमत आहे असे आम्हाला शिकवले, मग आमच्या घरात जे शिरले ते काय होते? मोहल्ल्यातल्या एक खाला म्हणतात हा अजाब आहे, घरात कोणाचे तरी गुनाह असतील. सर, माझ्या अब्बांचे गुनाह कोणते होते?

त्याखाली अर्धे पान कोरे होते. आम्ही लाल पेन हातात धरून बराच वेळ बसलो आणि शेवटी नुसती सही करून वही परत केली. बी.एड.ला आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवले होते. या प्रश्नाचे टाचण आमच्याकडे नव्हते.

हा लेख त्या कोऱ्या अर्ध्या पानासाठी आहे. आम्ही आलिम नाही, भाषा आणि इतिहास शिकवणारे साधे शिक्षक आहोत. फतवा देणे आमचे काम नाही. पण अल्लाह रहमान आणि रहीम आहे, सर्वशक्तिमान आहे, तर मग दुनियेत दुःख आणि जुल्म का, हा प्रश्न आपल्या इतिहासात कोणी, कधी आणि कशासाठी विचारला, एवढे तर शोधता येते. ते शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रश्न विचारणे गुनाह आहे काय?

आपल्या मकतबमध्ये मुले 'ईमान-ए-मुफस्सल' पाठ करतात. त्यात अल्लाह, फरिश्ते, किताबे, रसूल, आखिरत यांच्याबरोबर तकदीरवरही ईमान सांगितलेले आहे, आणि ती बरी असो वा वाईट, अल्लाहकडूनच आहे असे म्हटले आहे. सहा-सात वर्षांचे मूल हे घडाघडा म्हणते. त्याचा अर्थ मात्र ते तीस वर्षांचे होऊन एखादा जनाजा उचलते तेव्हा त्याच्यासमोर उभा राहतो. त्या वेळी त्याने काही विचारले, तर "तौबा कर, असे विचारू नये" म्हणून त्याला गप्प केले जाते.

पण कुरआनमध्ये हा प्रश्न सर्वांत आधी फरिश्त्यांनी विचारला आहे. सूरह बकराच्या ३० व्या आयतीत अल्लाह जमिनीवर आपला खलीफा नेमणार असल्याचे सांगतो, तेव्हा फरिश्ते विचारतात की जो फसाद माजवील आणि रक्त सांडील अशाला तू नेमणार काय? या विचारण्याबद्दल त्यांना शिक्षा होत नाही. त्यांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, एवढे उत्तर मिळते. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) अल्लाहच्या एका बंद्याबरोबर प्रवासाला निघतात. मुफस्सिर त्यांना हजरत खिज्र म्हणतात. गप्प राहण्याचे वचन देऊनही गरिबांची नाव फोडलेली पाहून हजरत मूसांना राहवत नाही, ते विचारतातच. एक पैगंबर, तोही वचन मोडून विचारतो. निरपराधाचे नुकसान डोळ्यांसमोर होत असताना गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

आणखी एक प्रसंग आम्ही वर्गात नेहमी सांगतो. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम वारले तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांतून आसवे वाहिली. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले होते. लोक म्हणू लागले की इब्राहीम यांच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. पैगंबरांनी ते तत्काळ नाकारले आणि कोणाच्या मरण्याने किंवा जगण्याने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, असे बजावले. हे ग्रहण इ.स. ६३२ च्या २७ जानेवारीचे असावे, असे अभ्यासक गणिताने सांगतात. आभाळात घडलेली गोष्ट आपल्या घरातल्या दुःखाशी जोडण्याचा मोह माणसाला असतो. पैगंबरांनी आपल्या पुत्राच्या बाबतीतही तो मोह मानला नाही. मग मोहल्ल्यातल्या खालांना नदीच्या पुरातून दुसऱ्याच्या घराचा हिशेब वाचण्याचा अधिकार कोणी दिला?

अमवासची साथ

हिजरी १७-१८, म्हणजे इ.स. ६३८-६३९. दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले होते. वाटेत सर्ग नावाच्या ठिकाणी सेनापती त्यांना भेटले आणि शाममध्ये ताऊन, म्हणजे प्लेग पसरल्याची खबर दिली. इस्लामी इतिहासात ही साथ अमवासच्या नावाने ओळखली जाते. अमवास हे पॅलेस्टाइनमधले गाव.

खलीफांनी आधी मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना. दोन्हीकडे मतभेद निघाले. मग कुरैशच्या ज्येष्ठांना बोलावले, त्यांनी एकमताने परत फिरण्याचा सल्ला दिला. उमर (रजि.) यांनी परतीची घोषणा केली. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय, असे विचारले. उमर यांना हा प्रश्न अबू उबैदांकडून अपेक्षित नव्हता. त्यांनी उत्तर दिले की होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग उंटांचा दाखला दिला. एका खोऱ्याची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड असेल, तर तुम्ही उंट हिरव्या बाजूला चारलेत तरी ती अल्लाहची तकदीर आणि उजाड बाजूला चारलेत तरी ती अल्लाहचीच तकदीर. पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी हदीस सांगितली की जिथे साथ असेल तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर पळून बाहेर पडू नका.

अबू उबैदा (रजि.) आपल्या लोकांजवळ राहिले आणि त्याच साथीत वारले. त्यांच्यानंतर हजरत मुआज बिन जबल (रजि.) हेही गेले. मग हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांत पांगवले आणि साथ ओसरली, असे इतिहासकार सांगतात.

या सगळ्यात अबू उबैदांचा ईमान कमी नव्हता आणि उमरांचाही नव्हता. अबू उबैदांनी तकदीरचा आधार घेऊन स्वतःचा जीव पणाला लावला. उमरांवर मात्र इतरांच्या जिवाची जबाबदारी होती, त्यांनी तकदीरचे नाव सांगून ती झटकली नाही. हा फरक पुढच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरतो.

सत्ताधाऱ्यांची तकदीर

इ.स. ६६१ मध्ये बनू उमय्यांची राजवट सुरू झाली. खिलाफत वारशाने चालू लागली. ६८० मध्ये करबला घडले. इराकवर हज्जाज बिन यूसुफसारखा सुभेदार वीस वर्षे (६९४ ते ७१४) राहिला. त्या काळात बसऱ्यात आणि दमिश्कमध्ये तकदीरचा प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला, आणि तो घरातल्या मृत्यूवरून विचारला गेला नव्हता.

इब्ने कुतैबा यांनी एक नोंद केली आहे. माबद जुहनी आणि अता बिन यसार हे हसन बसरींकडे (६४२-७२८) आले आणि म्हणाले की हे राजे मुसलमानांचे रक्त सांडतात, त्यांचे माल लुटतात आणि वर सांगतात की आमची ही कामे अल्लाहने ठरवल्याप्रमाणेच होतात. हसन बसरींनी त्या राजांना सरळ अल्लाहचे वैरी आणि खोटारडे ठरवले. खलीफा अब्दुल मलिक याने हसन यांच्याकडे तकदीरबद्दल खुलासा मागितल्याचे आणि त्यांनी उत्तरादाखल एक पत्र पाठवल्याचेही सांगितले जाते. पत्र खरेच त्यांचे आहे की नाही, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण हा प्रश्न एका आलिमाला राजसत्तेकडून विचारला जाऊ शकत होता, यावरून तो किती पेटलेला होता हे कळते.

माबद जुहनी यांना इ.स. ७०० च्या आसपास, बंडात सामील झाल्याबद्दल ठार करण्यात आले. दमिश्कचे गैलान यांना खलीफा हिशामच्या कारकिर्दीत (७२४-७४३) मारले. या मंडळींना 'कदरिया' म्हटले गेले. मनुष्य आपल्या कर्मांचा कर्ता आहे, असे म्हणताना त्यांनी अल्लाहच्या सत्तेलाच मर्यादा घातली, म्हणून अहले-सुन्नतच्या आलिमांनी त्यांचे मत नाकारले. ते नाकारणे अकीद्याच्या अंगाने समजण्यासारखे आहे. पण त्यांना मारणाऱ्या राजांना अकीद्याची चिंता होती की गादीची, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो विचारला पाहिजे.

कुरआनने ही ढाल आधीच ओळखली होती. सूरह यासीन आपल्याकडे मय्यतीच्या घरी वाचली जाते. तिच्या ४७ व्या आयतीत, अल्लाहने दिलेल्यातून खर्च करा असे सांगितल्यावर इन्कार करणारे म्हणतात की अल्लाहने इच्छिले असते तर ज्यांना त्यानेच खाऊ घातले असते त्यांना आम्ही का खाऊ घालावे? अल्लाहची मर्जी पुढे करून आपले कर्तव्य टाळणे हे कुरआनच्या दृष्टीने मोमिनाचे बोलणे नाही. किती घरी आपण ही सूरह वाचतो आणि बाहेर येऊन हेच वाक्य वेगळ्या शब्दांत बोलतो!

अद्लवाले आणि त्यांचा कोरडा

हसन बसरींच्या वर्तुळातूनच वासिल बिन अता (मृत्यू ७४८) आणि पुढे मुअतजिला पंथ निघाला. ही मंडळी स्वतःला अद्ल आणि तौहीदवाले म्हणवत. अल्लाह आदिल आहे, तो वाईट करत नाही आणि जुल्म हा माणसाचा असतो, हे त्यांचे सांगणे. लहान मुलांनी आणि मुक्या जनावरांनी कोणता गुनाह केला, मग त्यांना वेदना का, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. अशा प्रत्येक वेदनेची भरपाई आखिरतमध्ये मिळेल, असे त्यांनी मांडले. या भरपाईला ते 'इवज' म्हणत. काजी अब्दुल जब्बार (मृत्यू १०२५) यांच्या ग्रंथात याची बारीकसारीक चर्चा आहे. जनावराच्या दुःखाचाही हिशेब मागणारा हा विचार आम्हाला फार मोठा वाटतो.

पण पुढे काय झाले? इ.स. ८३३ मध्ये अब्बासी खलीफा मामून याने कुरआन मखलूक आहे, म्हणजे निर्माण केलेला आहे, हे मत आलिमांवर लादायला सुरुवात केली. या मताचे मोठे समर्थक मुअतजिलाच होते. त्यांच्यातले इब्ने अबी दुआद मुख्य काजी झाले. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी मत मान्य केले नाही, तेव्हा त्यांना कैदेत टाकले आणि मामूननंतरच्या मुअतसिमच्या काळात फटके मारले. हा छळ पुढे खलीफा मुतवक्किलने (८४७-८६१) थांबवला. अद्लचे नाव घेणाऱ्यांच्या हातात सत्तेचा कोरडा आला आणि तो एका म्हाताऱ्या होत चाललेल्या आलिमाच्या पाठीवर पडला. विचार कितीही चांगला असो, त्याला दरबाराचा आश्रय मिळाला की असे होते. मुअतजिलांचे नाव सामान्य मुसलमानांच्या मनातून उतरले, त्याला हेही एक कारण झाले.

तीन भाऊ

इमाम अबुल हसन अशअरी (रह.) बसऱ्यात जन्मले, दहाव्या शतकात वारले. चाळिशीपर्यंत ते मुअतजिला होते, अबू अली जुब्बाई हे त्यांचे उस्ताद. त्यांनी उस्तादांना एक प्रश्न विचारल्याची कथा आपल्या मदरशांत आजही सांगतात.

तीन भाऊ होते. एक नेक म्हणून वारला, एक गुनाहगार म्हणून, आणि तिसरा लहानपणीच गेला. नेक भाऊ जन्नतमध्ये, गुनाहगार जहन्नममध्ये, आणि लहानगा सुरक्षित, पण थोरल्याच्या दर्जाला न पोहोचलेला. लहानगा म्हणाला, या अल्लाह, मला जगू दिले असतेस तर मीही नेकी केली असती. जुब्बाई म्हणाले, अल्लाह सांगेल की तू मोठा होऊन बिघडला असतास हे मला ठाऊक होते, म्हणून तुझ्या भल्यासाठीच तुला आधी उचलले. तेव्हा अशअरींनी विचारले, मग जहन्नममधला भाऊ ओरडून म्हणेल, मलाही का नाही लहानपणीच उचललेस? उस्ताद निरुत्तर झाले.

कथा नंतरच्या काळात रचली गेली असावी, असे इतिहासकारांना वाटते. पण तिच्यातला मुद्दा खरा आहे. प्रत्येक मृत्यूमागे आपल्याला समजेल असे भले दाखवून देतो म्हणणारा माणूस तिसऱ्या भावापाशी अडतो. अशअरींनी मग उलट वाट धरली. अल्लाह मालिक आहे, त्याच्या करण्याला आपली मापे लावता येत नाहीत. तिकडे समरकंदचे इमाम मातुरीदी (मृत्यू ९४४) यांनी अल्लाहच्या हिकमतवर भर दिला. जे वाईट दिसते त्यामागेही हिकमत आहे, ती दर वेळी आपल्याला दिसेलच असे नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफईंमध्ये अशअरींचा विचार परंपरेने चालत आला, तर देशातल्या बहुसंख्य हनफींमध्ये मातुरीदींचा. म्हणजे आमच्या घरातल्या बायका मय्यतीनंतर "अल्लाह की हिकमत" म्हणून उसासा टाकतात, त्यामागे हजार वर्षांची वादचर्चा आहे.

इमाम गजाली (१०५८-११११) यांचे नाव इथे घ्यायलाच हवे, असे वाचक म्हणतील. बगदादच्या निजामियातले सर्वांत मानाचे पद त्यांनी १०९५ मध्ये सोडले आणि ते भटकंतीला निघाले. नंतरच्या 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये त्यांनी मांडले की जे आहे त्याहून अधिक चांगले काही संभवतच नाही. या एका विधानावर आलिम पुढे काही शतके भांडत राहिले. पंधराव्या शतकात बिकाई यांनी ते खोडले, तर सुयूती यांनी त्याची बाजू घेतली. गजालींसारख्या इमामाच्या विधानावरही वाद होऊ शकला, याचा अर्थ हा प्रश्न कोणीच बंद केला नव्हता.

एका बापाचा ग्रंथ

आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते इब्ने हजर अस्कलानी (१३७२-१४४९). सहीह बुखारीवरच्या 'फत्हुल बारी' या भाष्यासाठी आलिम त्यांना ओळखतात. कैरोत तेव्हा प्लेगच्या साथी वरचेवर येत. हिजरी ८१९ च्या साथीत इब्ने हजर यांच्या दोन मुली वारल्या. हिजरी ८३३ मध्ये, म्हणजे १४३० च्या साथीत थोरली मुलगी गेली, ती गरोदर होती. त्याच वर्षी त्यांनी साथीवरचा आपला ग्रंथ 'बज्लुल माऊन' पूर्ण केला.

या ग्रंथात एक प्रामाणिक नोंद आहे. त्या साथीत कैरोचे लोक तीन दिवस रोजे धरून मैदानात सामूहिक दुआ करायला जमले. त्याआधी दिवसाला चाळीसच्या आत माणसे मरत होती. महिना संपण्याआधी तो आकडा हजारावर गेला. एवढा मोठा मुहद्दिस हे लपवत नाही. साथीचे खरे कारण त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते, प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला. ग्रंथातली कारणमीमांसा त्या काळाची आहे. पण डोळ्यांनी पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले.

याच ग्रंथाच्या नावात ताऊनची फजीलत आहे. साथ पूर्वीच्या काही लोकांवर अजाब म्हणून आली, पण मोमिनांसाठी ती रहमत ठरली, अशी हदीस आहे. दुसऱ्या हदीसमध्ये ताऊनने मेलेला, पोटाच्या विकाराने मेलेला, बुडून मेलेला आणि भिंतीखाली दबून मेलेला या सर्वांना शहीद म्हटले आहे. कोरोनाच्या काळात अनेक आलिमांनी याच आधारे त्या साथीत गेलेल्यांना शहादतचा दर्जा असल्याचे सांगितले. तीन मुली दफन केलेल्या बापाने हे लिहिताना मनाशी काय म्हटले असेल, याची कल्पना आम्ही करू शकतो. त्याने आपल्या मुलींचे गुनाह शोधले नाहीत.

कोऱ्या जागेत

या सगळ्या वाचनातून 'का' याचे उत्तर मिळाले, असा दावा आम्ही करणार नाही. तिसरा भाऊ अजून उभा आहे. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. "अल्लाहची मर्जी" हे शब्द कोण, कोणाबद्दल बोलतो, त्यावर त्यांचा अर्थ ठरतो. ज्याच्या घरातले माणूस गेले तो हे म्हणतो तेव्हा तो सब्र असतो आणि त्यापुढे आपण मान झुकवावी. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल तेच शब्द कोणी धनी, हाकीम किंवा शेजारी बोलतो, तेव्हा बहुधा त्याला आपल्या वाट्याचे काम टाळायचे असते. हसन बसरींनी हीच गोष्ट तेराशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

आमच्या वाशिष्ठीचेच पाहा. पाऊस पाडणे माणसाच्या हातात नाही. पण नदीत गाळ साचलेला होता आणि २००५ चा पूर चिपळूणने पाहिलेला होता. २०२१ च्या पुरानंतर गाळ काढावा म्हणून नागरिकांना आंदोलन करावे लागले. गाळाला तकदीर म्हणणे म्हणजे यासीनमधल्या त्या लोकांसारखे बोलणे. त्याच पुरात मोहल्ल्यातल्या पोरांनी मशिदीत डाळ-भात शिजवून वाड्या-वस्त्यांवर पोहोचवला. ज्याच्या घरात चिखल होता तो कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारले नाही. त्यांच्यातल्या कोणालाही अशअरी आणि जुब्बाई ठाऊक नव्हते. उमरांचे उंट मात्र ते हिरव्या बाजूला हाकत होते.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. वही तिने ठेवली असेल की नाही, ठाऊक नाही. असती तर त्या कोऱ्या जागेत आम्ही लिहिले असते : बेटा, तुझ्या अब्बांचे गुनाह विचारण्याचा हक्क कोणालाच नव्हता. साथीत गेलेल्यांना आपले नबी शहीद म्हणतात, त्या खालांना हे जरूर सांग. अल्लाहने असे का केले ते तुझ्या सरांना माहीत नाही, आणि माहीत असल्याचे ते सोंग करणार नाहीत. तू विचारलेस यात बेअदबी नाही. आमचे चुकले, आम्ही नुसती सही केली.

'बारिश' हा निबंध आम्ही अजूनही देतो. रहमतचे वाक्य अजूनही येते आणि आम्ही ते खोडत नाही, कारण ते खरे आहे. फक्त वही परत करताना त्याखाली लाल पेनाने एक प्रश्न लिहितो : तुमच्या गल्लीतला नाला या वर्षी कोणी साफ केला?